कंबरमोडीतला दम

चंपतराव भोयरांच्या भाड्याच्या सायकलीवरून पडला नाही असा चाळिशीपुढचा माणूस नागपूरच्या महालात शोधून सापडायचा नाही. सापडलाच, तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजावं.

दुकान कसलं, दोन घरांच्या मधली बोळ होती ती. वर टिन, आत टांगलेले टायर आणि ट्यूब, दाराशी पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आणि बाहेर भिंतीला टेकवलेल्या लहानमोठ्या सायकली. तासाच्या भाड्यानं मिळायच्या. नावगाव लिहून घ्यायची भानगड चंपतरावांनी कधी केली नाही. "कोणाचा गा तू?" एवढं विचारायचे. पोट्ट्यानं बापाचं नाव सांगितलं की झालं. बाप शांत असला तर बऱ्या ब्रेकची सायकल मिळायची, बाप तापट असला तर सगळ्यात चांगल्या ब्रेकची.

तरी पडणं काही चुकायचं नाही. गल्ल्या अरुंद, वळणं आंधळी, मध्येच एखादी गाय बैठक मारून बसलेली, समोरून सायकलरिक्षा. पोट्टं पडायचं, गुडघा फुटायचा आणि मग एका हातानं सायकल ओढत, दुसऱ्या हातानं नाक पुसत ते परत दुकानावर यायचं. चंपतराव आधी सायकल पाहायचे, मग पोट्टं. त्यांच्या बायको शामलाबाई यावरून त्यांना आजही टोमणे मारतात. ते म्हणतात, पोट्ट्याचं हाड जुळते, सायकलचा रिम वाकडा झाला का झाला.

सायकल पाहून झाली की ते दुकानामागच्या भिंतीशी जायचे. तिथे महापालिकेच्या नळाचं पाणी झिरपायचं आणि त्या ओलीवर, विटांच्या फटीतून, कंबरमोडी माजलेली असायची.

कंबरमोडी तुम्ही पाहिलेली आहे, नाव ठाऊक नसेल इतकंच. जमिनीला धरून पसरणारं रोपटं, दातेरी लवदार पानं, आणि मधून सरळ वर आलेला एकच लांब दांडा. दांड्याच्या टोकाला पिवळ्या पोटाचं, फिक्या चार-दोन पाकळ्यांचं एवढंसं फूल. सुकलं की त्याचं म्हातारीच्या केसांसारखं बोंड होतं, फुंकर मारली की उडतं. कोणी तिला एकदांडी म्हणतं, कोणी दगडी पाला. आमच्याकडे कंबरमोडी. शाळेतल्या पोरी दांड्याचा फास करून फुलाचं मुंडकं उडवायच्या, शिपाई तिचा पाला कोळशासोबत वाटून फळ्यावर घासायचा, म्हणजे फळा काळा कुळकुळीत. सशापासून बकरीपर्यंत सगळे तिला खातात. आणि देवानं तिला एवढं करून पाण्याचं की खताचं काही मागणं दिलं नाही. जिथे माणूस पाय ठेवतो तिथे ती उगवते.

चंपतराव मूठभर पानं तोडायचे, माठातल्या पाण्यानं धुवायचे, तळहातावर चोळायचे आणि पोट्ट्याचा गुडघा मांडीवर घेऊन त्यावर मूठ पिळायचे. हिरवा रस थेंब थेंब जखमेवर पडायचा, आणि मग जी बोंब उठायची, ती पार गांधी गेटपर्यंत ऐकू जायची.

"झोंबते काका! आगी आगी होते!"

"झोंबन नाही तं काय? झोंबून राहिली म्हंजे लागू पडून राहिली. चूप बस. शामला, याले गुळाचा खडा दे वं."

हे औषध त्यांना त्यांच्या आईनं दिलेलं. उमरेडच्या अलीकडे त्यांचं गाव. कापूस वेचता वेचता, गवत कापता कापता हाताला विळा लागला की आई शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची कंबरमोडी चुरगाळून पिळायची आणि पोराच्या तोंडाकडे बघायची. पोरानं तोंड वाकडं केलं की तिचा जीव भांड्यात. रडलं तर आणखी बरं. सोसून गप्प राहिलं तर पुन्हा पिळायची. चंपतरावांच्या डोक्यात औषधाचा अर्थ असा पक्का बसला, आणि तो उभ्या जन्मात कोणी हलवला नाही.

आता ते दिवस गेले. भाड्याची सायकल कोण घेतो? पोट्टे बापाच्या स्कुटीवर बसून शाळेत जातात आणि घरी येऊन मोबाईलवर शर्यत लावतात. एकेक करून सायकली भंगारात गेल्या, दुकान गेलं. मुलगा सुशील मिहानमध्ये एका कंपनीत नोकरीला लागला, सून श्वेताही तिथलीच. दोघांनी मिळून खापरीच्या पुढे फ्लॅट घेतला आणि आईबापाला तिथे घेऊन गेले. पोरं गुणाची, त्यात शब्द नाही. पण चंपतरावांना त्या फ्लॅटमध्ये आपण पाहुणे आलो आहोत असं वाटत राहायचं. सगळीकडे टाइल्स. खाली पार्किंग, तेही टाइल्सचं. त्यात एका खांबाला त्यांनी आपली शेवटची सायकल साखळीनं बांधून ठेवली होती. काळी, उंच, डबल नळीची. रोज सकाळी तिच्यावर बसून आउटर रिंग रोडकडे चक्कर मारून आले की मगच त्यांना आपण आपण आहोत असं वाटायचं. शुगर निघाली होती केव्हाचीच. गोळी घ्यायचे, आठवण राहिली तर.

पोळा झाला, मारबतीची मिरवणूक निघाली, त्याच आठवड्यातली गोष्ट. श्वेता ऑफिसला निघता निघता दारातच थांबली.

"बाबा, हे टाइल्सवर काय लागलंय? रक्त आहे का?"

दारापासून सोफ्यापर्यंत लाल ठिपके होते. एका पायाचे. चंपतरावांनी पाय वर करून पाहिला, तर अंगठ्याच्या खाली, तळव्याला भोक. शामलाबाईंनी त्यांची चप्पल उचलून उलटी केली. एसीच्या फिटिंगवाल्यानं कुठेतरी टाकलेला स्क्रू तळातून आरपार गेला होता आणि आतल्या बाजूला चांगला बोटाच्या कांड्याएवढा वर आला होता. सकाळभर ते तीच चप्पल घालून फिरले होते. दूध आणलं, वॉचमनशी गप्पा मारल्या, सायकलही चालवली.

"अवो, एवढा मोठा खिळा! तुमाले लागला नाही?"

"सायकलवाल्याचा पाय आहे, शामला," चंपतराव ऐटीत म्हणाले. "टायर झाला आहे त्याचा."

सगळे हसले. श्वेता म्हणाली, "बाबा, शुगर आहे तुम्हाला, आजच डॉक्टरकडे जाऊ. मी सुट्टी टाकते." चंपतराव म्हणाले, "कायले सुट्टी टाकतं? दोन दिवसांत भरून निघते." आणि त्यांचा चेहरा जरा उतरला, तो फक्त शामलाबाईंनी पाहिला. त्यांना कारण माहीत होतं.

कारण म्हणजे रुपराव. चंपतरावांचे थोरले भाऊ. गावी शेती पाहायचे, बैलासारखा माणूस. त्यांच्या पायाच्या बोटाला अशीच एक बारीकशी जखम झाली, शुगरच होती, आणि नागपुरात दवाखान्यात आणलं तेव्हा ते स्वतःच्या पायानं पायऱ्या चढले होते. घरी गेले तेव्हा गुडघ्याखाली पाय नव्हता. आता ते ओसरीत खाटेवर बसून असतात आणि बैल कोणी कसे जुंपले यावरून सगळ्यांवर ओरडतात. चंपतरावांनी त्यातून एकच धडा घेतला: डॉक्टरनं पायाला हात लावला की पाय जातो. रुपराव दवाखान्यात यायच्या आधी महिनाभर घरीच जखम बांधून बसले होते, हे मात्र त्यांनी सोयीनं विसरून टाकलं. माणसाचं असंच असतं. घाबरलं की अर्धीच गोष्ट आठवते.

"पाय गेला म्हंजे सायकल गेली," ते त्या दिवशी दुपारी शामलाबाईंना म्हणाले. "आन् सायकल गेली म्हंजे मी कोण वं? सोफ्यावरचा तक्क्या."

"मंग दाखवा ना आत्ताच, लहानशी आहे तवा."

"मी पाहतो ना माहं. कंबरमोडी काही मेली नाही अजून."

आणि खरंच, ती मेली नव्हतीच. इमारतीच्या मागे रिकामे प्लॉट पडले होते, तिथे तिचं राज्य होतं. चंपतराव आनंदानं मूठभर पाला घेऊन आले, धुतला, चोळला, बाथरूमच्या दारात स्टुलावर बसून पाय मांडीवर घेतला आणि मूठ पिळली. हिरवा रस जखमेत उतरला. त्यांनी सवयीनं दात आवळले. आणि तसेच बसून राहिले.

काहीच झालं नाही.

त्यांनी आणखी पिळली. रस तळव्यावरून ओघळून घोट्यापर्यंत आला. आग नाही, चुरचुर नाही, काही नाही. नळाचं पाणी लावल्यासारखं.

"शामला, हिच्यात दमच नाही वं," त्यांनी आतून हाक मारली.

मग त्यांनी त्याचा विचार सुरू केला, आणि एकदा चंपतरावांनी विचार सुरू केला की तो कारणासहित तयार व्हायचा. ही इकडची माती. इथे कुठून कुठून मुरूम आणून टाकला, सिमेंट सांडलं, त्यात उगवलेल्या झाडात काय गुण येणार? दिसायला कंबरमोडी, आतून पोकळ. आजकालच्या टमाट्यासारखं. दुसऱ्या दिवशी ते मेट्रोच्या खांबाखालची घेऊन आले. तिच्यात तर गाड्यांचा धूर. मग नाल्याकाठची आणली, लांबून, वाटेत दोनदा बसत. नाही झोंबली. शेजारच्या विंगमधल्या पिंकीची आजी म्हणाली, तिच्या माहेरी, वाडी गावाकडे चांगली मिळते, तिकडूनही मागवली. पिंकीच्या बापानं ऑफिसच्या बॅगेतून आणून दिली. तीही तशीच.

"सगळीच बाटली," चंपतराव म्हणाले. "माणूस बाटला, दूध बाटलं, आता झाडपाला बी बाटला."

"नाचता येईना अंगण वाकडं," शामलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"याच्यात नाचायचं काय आहे?"

"काही नाही. दाखवा पाय."

त्यांनी पाय दाखवला नाही. असा महिना गेला, आणि आता ते घरातही मोजे घालू लागले होते. नागपूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात, पंखा फुल असताना, पायात मोजे! सुशीलनं विचारलं तर म्हणाले, टाइल्स थंड लागतात. शामलाबाईंना मोजे धुताना वास आला. त्यांनी मोजे वाळत घातले. खाली पार्किंगमध्ये गेल्या, सायकलच्या साखळीचं कुलूप लागलेलं पाहिलं आणि वर येऊन किल्ली काढून पदराला गाठ मारून बांधली.

"डॉक्टरकडे जाल तवाच किल्ली देईन."

"अवं, पण सायकलनं काय केलं तुहं?"

"जित्याची खोड..." असं म्हणून त्या थांबल्या. पुढचं त्यांच्यानं बोलवेना. डोळे भरून आले तशा आत निघून गेल्या.

चंपतरावांना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आपल्यामुळे हिला त्रास होतो आहे हे त्यांना दिसत होतं. पण डॉक्टर म्हटलं की त्यांच्यापुढे खाटेवरचे रुपराव उभे राहायचे, उभेही नाही, बसलेले. एक झोंबणारी कंबरमोडी मिळाली तर सगळंच मिटेल. जखम भरेल, मोजे निघतील, किल्ली मिळेल. आणि झोंबणारी कुठे मिळते हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? ती ओली भिंत, विटांच्या फटी, नळाचं पाणी. तिथली कंबरमोडी आजवर कधी फसली नव्हती.

सकाळी "महालात चक्कर मारून येतो" म्हणाले आणि निघाले. शामलाबाईंनी पाहिलं, की ते उजवा पाय जरा फेकत टाकतात. खापरीहून मेट्रोनं सीताबर्डी, तिथून ऑटो. सीताबर्डीच्या गर्दीत एकदा कोणाचा तरी बूट त्यांच्या पायावर पडला. तो माणूस "सॉरी काका, सॉरी" करत राहिला, तेव्हा यांना कळलं. "काही नाही गा, काही लागलं नाही," चंपतराव म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बोळ होती तिथेच होती. दुकानाच्या जागी आता मोबाईलचे कव्हर विकणारा बसला होता, भिंतीवर रंगीत लाइट. पण शेजारचं घर तेच, ओटा तोच, आणि ओट्यावरच्या खोलीत शिलाई मशीन धडधडत होती. 'फॉल-पिको, ब्लाउज करून मिळेल' अशी पाटी. मशीनवरच्या बाईनं वर पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि किंचाळलीच.

"सायकलवाले काका!"

चंपतरावांनी डोळे बारीक केले. "कोणाची गा... कोणाची वं तू?"

"मिनल, काका! कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची. आता इथंच दुकान टाकलं."

"अरे बापा! मिनल! तू तं लाल सायकल घेऊन सरळ शेवयावालीच्या खाटेवर गेली होती ना? सगळ्या शेवया!"

"तेच तं!" मिनल हसता हसता खाली उतरली. तिनं साडी जराशी वर करून गुडघा दाखवला. पांढरा, लांबट डाग. "हे पाहा, अजून आहे. आन् तुमी त्यावर जे पिळलं होतं, आई गं! शेवयावालीनं मारलं ते आठवत नाही मले, पण ते झोंबणं आठवते. आतापण आठवलं की गुडघा आग करते."

चंपतरावांचा चेहरा फुलला. पहा, ते मनात म्हणाले, पहा. हेच तर सांगून राहिलो मी सगळ्यांना. त्या वेळच्या पाल्यात काय दम होता! त्यांनी मिनलला सगळं सांगितलं. मिहानकडची माती, मेट्रोखालचा धूर, वाडीचा पाला. मिनल ऐकत गेली, हो हो करत गेली. तिलाही जुन्या गोष्टींचं कौतुक होतं. "आता कशातच राहिलं नाही, काका," ती म्हणाली. "तेव्हाचे संत्रे आठवा. हात धुतला तरी वास जाऊन नाही राहायचा."

"मागची भिंत आहे का वं?"

"आहे ना. नळ गेला, पण ओल आहे अजून. चला."

बोळीच्या मागे खरंच ती भिंत होती. आणि विटांच्या फटीतून, अंगठ्याएवढ्या जागेतून, कंबरमोडी लटकली होती. चांगली माजलेली. वर लांब दांडे, पिवळी फुलं, काही सुकून म्हाताऱ्या झालेली. चंपतराव तिथे क्षणभर उभेच राहिले. त्यांना आपली आई आठवली, धुऱ्यावरची, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली. डोळ्यांत पाणी आलं तर त्यांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि मूठभर पानं तोडली. मिनलनं माठातलं पाणी आणून दिलं.

ओट्यावर बसून त्यांनी मोजा काढला.

मिनलचं हसणं तिथेच थांबलं. अंगठा सुजून जांभळा झाला होता. खालचं भोक आता भोक राहिलं नव्हतं. कडा पांढऱ्या पडल्या होत्या, आत काळं होतं, आणि वास होता. तिनं पदर नाकाकडे नेला, आणि मग त्यांना वाईट वाटेल म्हणून खाली घेतला.

"काका, हे... दुखत नाही तुमाले?"

"दुखत नाही, तेच तं बरं आहे. आता ही लागू पडली का झालं." त्यांनी पानं चोळली, मूठ आवळली. गडद हिरवा रस धारेनं जखमेत पडला. चंपतरावांनी डोळे मिटले आणि वाट पाहिली. समोरून एक स्कुटी गेली. मोबाईलवाल्याच्या दुकानात कुठलंतरी गाणं सुरू झालं आणि मध्येच बंद पडलं.

"झोंबलं का, काका?"

"नाही वं." त्यांचे खांदे पडले. "गेला. हिचाही दम गेला."

काहीतरी करावं म्हणून मिनलनं त्यांच्या हातातला उरलेला चोथा घेतला. सकाळीच तिच्या बोटाला कात्री लागली होती. पट्टी बांधलेली होती. तिनं पट्टी ओढून काढली आणि चोथा बोटावर पिळला.

"आई गं! आई आई आई!" मिनल ओट्यावरून उडालीच. हात झाडत, पाय आपटत, बोटाला फू फू करत तिनं दोन गिरक्या घेतल्या. "काका! केवढी झोंबते हो!"

"झोंबते?" चंपतराव ताडकन सरळ झाले. त्यांचा सगळा चेहरा उजळून निघाला. "खरंच झोंबून राहिली? खोटं तं नाही बोलत?"

"डोळ्यांत पाणी आलं, पाहा ना!"

"म्हंजे दम आहे! पाहा, म्हटलं होतं ना मी? इथली कंबरमोडी..."

आणि मग ते बोलायचे थांबले.

तीच पानं होती. तीच मूठ. एकाच हातातून निघालेला रस. त्यांनी मिनलच्या बोटाकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. स्क्रू आठवला. तो सकाळभर आत होता. सीताबर्डीतला तो बूट आठवला. मिहानची माती, मेट्रोचा धूर, सगळ्यांना त्यांनी नावं ठेवली होती.

"मिनल," ते हळूच म्हणाले, "माह्या अंगठ्याले दाब बरं."

मिनल खाली बसली. चंपतरावांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, लहान पोरानं सुई टोचून घेताना पाहावं तसं. पाहत राहिले.

"दाब ना वं. लाजतं कायले? जोरानं दाब."

रस्त्यावरून आणखी एक स्कुटी गेली.

"अवं, दाब ना!"

"काका," मिनलचा आवाज फुटला, "मी दाबूनच राहिली."

त्यांनी खाली पाहिलं. तिचं नख त्यांच्या अंगठ्यात रुतलेलं होतं, सगळं पांढरं पडेपर्यंत. ती दोन्ही हातांनी दाबत होती आणि रडत होती.

चंपतरावांना भीती वाटली. उभ्या आयुष्यात वाटली नव्हती अशी. डॉक्टरची नाही, रुपरावांच्या खाटेचीही नाही. आपलाच पाय आपल्याला सोडून केव्हा निघून गेला, कोणत्या दिवशी, आणि आपल्याला पत्ता नाही, याची.

"फोन लाव," ते म्हणाले. "शामलाले लाव."

मिनलनं ओल्या हातानं फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून शामलाबाई म्हणाल्या, "कोठी आहात? जेवायले येता का नाही?"

"शामला," चंपतराव म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ. आजच जाऊ. झाडाचा काही दोष नाही वं. झोंबते ते अजून. मलेच समजून नाही राहिलं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शामलाबाई म्हणाल्या, "तिथीच बसा. पाय खाली टेकवू नका. मी सुशीलले घेऊन येते."

चंपतरावांनी पाय उचलून ओट्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसले. पाय गरम होता. ते त्यांना हातानं कळलं.